दंतिनी जिने का चढते

अक्का दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवत; अक्का त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेण चढवी आणि मेणात एकेक दात बसवी. दात बसवण्याआधी डावा डोळा मिटून "बघू" म्हणायची तिची सवय होती. सतत टेबलावर वाकून तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता, नखांत प्लास्टर बसलेलं असे, आणि कितीही साबण लावला तरी अंगाला मेणाचा वास येई. लॅब चौथ्या मजल्यावर होती. इमारतीत लिफ्ट होती, पण अक्का जिन्यानंच चढायची. का, ते तिच्या धाकट्या बहिणीखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

धाकटी बहीण म्हणजे बेबी. चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच. पुस्तकांवर मात्र तिचं भारदस्त नाव छापलेलं असायचं, कारण बेबी लेखिका होती आणि चांगली खपणारी लेखिका होती. 'उलटे मनोरे' ही तिची मालिका: हवेत लोंबकळणारी शहरं, एक राजकन्या, एक राजपुत्र, आणि दर वीस पानांनी कोणीतरी कोणालातरी मिठीत घेतलेलं. पहिला भाग आला तेव्हा अक्कानं स्वतः प्रती विकत घेऊन सगळ्या डॉक्टरांना वाटल्या होत्या. "माझ्या बहिणीचं आहे," असं ती सांगायची, जसं कोणी पोराची मार्कशीट दाखवावी.

तिसरा भाग आला तेव्हा अक्का जेवणाच्या सुट्टीत तो घेऊन बसली. डबा उघडला आणि तसाच राहिला.

या भागात एक चेटकीण आली होती, दंतिनी नावाची. मेलेल्यांचे दात उपटून ती जिवंतांच्या तोंडात बसवायची, आणि मग त्या तोंडातून तिला हवं तेच निघायचं. तिचा एक खांदा खाली होता. नखं पांढरी. अंगाला मेणाचा वास. माणूस समोर आला की ती डावा डोळा मिटायची आणि म्हणायची, "बघू."

अक्का आधी हसली. बेबीनं गंमत केली असेल, असं तिला वाटलं. पुढे वाचत गेली तसं हसू आटत गेलं. दंतिनीला कोणी नव्हतं. दंतिनी दुसऱ्यांच्या सुखावर जळायची. दंतिनी आपल्या आंधळ्या आईला कोंडून ठेवायची आणि जगाला सांगायची, मी सेवा करते.

तिथपर्यंतही अक्कानं दात-ओठ खात सोसलं असतं. पण मग पिंजऱ्याचं प्रकरण आलं.

राजकन्या मनोऱ्याच्या लोंबत्या पिंजऱ्यात अडकते. साखळी करकरते, खाली खोल दरी. ती किंचाळणार इतक्यात बाहेरून राजपुत्राचा आवाज येतो: "मी आहे. पिंजरा पडणार नाही. तुम्ही फक्त बोलत राहा." मग तो बाहेर काम करत राहतो आणि ती आत बोलत राहते. लहानपणीचं, आईचं, आवडत्या रंगाचं. दार उघडेपर्यंत दोघं एकमेकांचे होऊन गेलेले असतात.

ही गोष्ट अक्काची होती.

अक्का लॅबला नवीन लागली होती तेव्हाची. प्लास्टरनं भरलेले हात घेऊन खाली निघाली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. बाहेरून एका माणसानं पत्र्यावर टकटक केली. "मी आहे. लिफ्ट पडत नसते. तुम्ही फक्त बोलत राहा." तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता, डाव्या हाताचं एक बोट कुठल्याशा यंत्रात अर्धं गेलेलं. त्यानंतर त्या इमारतीची लिफ्ट वारंवार तपासायची गरज पडू लागली. वर्षभर दोघं भेटत राहिली. मग त्याची बदली दूर झाली. तो म्हणाला, चल. पण आईला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि बेबी कॉलेजला बाहेरगावी होती. दर वेळी फोनवर बेबी सांगायची, "अक्का, परीक्षा आहे गं." तो थांबला, थांबला आणि शेवटी त्यानं लग्न केलं.

हे सगळं अक्कानं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. सुट्टीत घरी आलेल्या बेबीला, एका दुपारी, आईला कुशीवर वळवून झाल्यावर. बेबीनं तिचा हात हातात धरून ऐकलं होतं.

आणि आता बेबीनं अक्काचं प्रेम राजकन्येला दिलं होतं आणि अक्काचं तोंड चेटकिणीला.

अक्कानं डबा बंद केला. दुपारभर एकाही साच्याला हात लावला नाही.

*

मालिकेच्या वाचकांचा फोनवर एक गट होता. हजारो लोक. लॅबच्या रिसेप्शनवरची मुलगी त्यात होती, म्हणून अक्काला त्याचा पत्ता होता. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा तिथे शिरली, शेजारीण असं नाव घेऊन, आणि वाचत बसली.

'पिंजऱ्याचं प्रकरण वाचून मी बसमध्ये रडले, कंडक्टरनं पाणी दिलं,' असं एकीनं लिहिलं होतं. राजपुत्राची अधिकृत बायको असं नाव लावणाऱ्या दुसरीनं ते प्रकरण तोंडपाठ केलं होतं. कोणी पिंजऱ्यातली वाक्यं लग्नपत्रिकेवर छापणार होतं.

दंतिनीबद्दलही लिहिलं होतं. भरपूर.

'ही बया चौथ्या भागात मरायलाच पाहिजे. आणि सावकाश.'

'जिला आयुष्यात कोणी विचारलं नाही अशी बाई अशीच होते. आमच्या ऑफिसात एक आहे.'

'आईला छळणारी सटवी. हिचेच दात उपटा.'

अक्का प्रत्येक शब्द वाचत होती. आई जाईपर्यंत अक्कानं तिचं आजारपण किती वर्षं काढलं होतं! आईच्या तोंडात घास नीट चावला जावा म्हणून आईची कवळी तिनं स्वतःच्या हातानं तीनदा नव्यानं बनवली होती. आणि कुठल्या कोण बायाबापड्या तिला सटवी म्हणत होत्या. त्यांचा तरी काय दोष? त्यांना जे वाढलं ते त्यांनी खाल्लं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा तिला वाटलं, उठावं आणि बेबीच्या घरी जाऊन तिच्या मुस्काटात मारावी. पण त्यानं काय होणार होतं? बेबी रडली असती, लेखक असंच करतात म्हणाली असती, आणि पुस्तक तसंच राहिलं असतं. खरं काय ते गटात सरळ लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, आली आणखी एक वेडी.

मग तिला एक टिप्पणी दिसली. झोपमोड नावाच्या कोणीतरी वैतागून लिहिलेली: 'एक कळत नाही. दंतिनीला उडता येतं, पिंजरे तिच्या मालकीचे आहेत, तरी ही बया अख्खं पुस्तकभर जिने का चढते? लेखिका विसरली वाटतं.'

अक्का थांबली. बेबीनं तिची ही सवयही उचलली होती. उचलली आणि कारण द्यायची विसरली.

तिचेच दात तिच्या घशात घालायचे, हे अक्काच्या तिथेच मनात आलं.

तिनं शांतपणे लिहिलं: 'लेखिका विसरलेली नाही. नीट वाचा. दंतिनी पिंजऱ्यात पाय ठेवत नाही, कारण ती एकदा त्यात अडकली होती. बाहेर कोणीतरी होतं, त्यानं तिला बोलत ठेवलं होतं. आता पिंजऱ्याचं प्रकरण पुन्हा वाचा. राजकन्या आत काय काय बोलते? आजारी आई, पांढरे झालेले हात. राजकन्येची आई आजारी कधी होती? राजकन्येचे हात पांढरे कशानं होतील? ती आठवण राजकन्येची नाहीच. दंतिनीची आहे. राजकन्येनं ती चोरली आहे.'

पांढरे हात खरंच होते पुस्तकात. बेबीनं ऐकलेलं जसंच्या तसं उतरवताना तेही उतरवलं होतं.

सकाळी अक्का उठून बघते तो गटात रणधुमाळी. 'बाप रे, पांढरे हात! पान उघडून बघा!' 'मला आधीपासून राजकन्या खोटी वाटत होती.' 'म्हणजे दंतिनी जळत नाहीये, तिला लुटलंय!' झोपमोडनं लिहिलं होतं, 'शेजारीण, तुझे पाय कुठे आहेत, धरते.'

त्यानंतर अक्का रोज लिहू लागली. दिवसा दात घासून चकचकीत करायची, संध्याकाळी बहिणीचं पुस्तक सोलायची. दंतिनीनं आईला कोंडलं हे कोणी पाहिलं? कोणीच नाही, फक्त राजकन्या सांगते. दंतिनीला कोणी विचारलं नाही हे कोण म्हणतं? राजकन्याच. पुस्तकात एकही खोटी ओळ न घालता ती फक्त बोट ठेवत गेली. लोकांना चोर सापडला की मजा येते. इथे तर चोर प्रत्यक्ष नायिका होती. महिन्याभरात अर्धा गट राजकन्येच्या नावानं खडे फोडू लागला. बसमध्ये रडलेली बाई आता लिहीत होती, 'माझी आसवं परत द्या.'

अक्काला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिला जेवण जाऊ लागलं. लॅबमध्ये ती गुणगुणू लागली.

*

एका रविवारी बेबी आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अक्का, चहा दे. कडक."

अक्कानं आधण ठेवलं. "काय गं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही. ते वाचक. कोणीतरी शेजारीण म्हणून आहे. माझ्या पुस्तकाचा पार भुगा केलाय तिनं."

"टीका तर होणारच. इतकं खपतं."

"टीका नाही गं. टीका चालली असती." बेबीनं कप दोन्ही हातांत धरला. "ती असं लिहिते की... जणू तिला आतलं ठाऊक आहे. आणि प्रकाशक खूश! म्हणतात, हेच घ्या चौथ्या भागात, राजकन्येला चोर ठरवा, लोकांना हेच हवंय."

"मग ठरव."

बेबीनं चमकून वर बघितलं. "तू वाचतेस का तो गट?"

"मला कुठला वेळ? दात कोण करणार?"

"आणि पुस्तक? तिसरा भाग वाचलास?"

आता बोलावं, असं अक्काच्या ओठांपर्यंत आलं. पण बेबीच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती इतकी गोड होती की तिला ती एवढ्यात संपवायची नव्हती.

"ठेवलंय उशाशी," ती म्हणाली. "डोळे दुखतात हल्ली. साखर घालू अजून?"

बेबी गेल्यावर अक्कानं दोन्ही कप धुतले आणि खिडकीशी उभी राहून एकटीच हसली. पण त्याच संध्याकाळी लिहायला बसली तेव्हा तिला काहीतरी कमी वाटलं. बेबी होरपळत होती खरी, पण कोण जाळतंय हे तिला ठाऊक नव्हतं. मग या सगळ्याला अर्थ काय? सूड घ्यायचा तो समोरच्याच्या डोळ्यात बघून.

*

ग्रंथालयाच्या सभागृहात वाचकांची लेखिकेशी भेट ठेवली होती. खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते, बहुतेक तरुण मुली, पुस्तकं छातीशी धरलेल्या. काहींनी नखं पांढरी रंगवली होती. दंतिनीची म्हणून. अक्का मागच्या रांगेत बसली.

बेबी मंचावर रेशमी कपड्यांत होती आणि सराईतासारखी बोलत होती. पहिलाच प्रश्न आला: राजकन्येनं आठवण चोरली आहे का?

"नाही," बेबी हसून म्हणाली. "वाचकांची कल्पनाशक्ती माझ्यापेक्षा दांडगी आहे, एवढंच. पिंजऱ्याचा प्रसंग पूर्णपणे माझ्या मनातला आहे."

कुजबुज झाली. अक्कानं हात वर केला. माईक रांगेरांगेतून तिच्यापर्यंत आला. ती उभी राहिली. बेबीनं पाहिलं, आणि तिचं हसू चेहऱ्यावर जिथल्या तिथे थिजलं.

"एक विचारायचं होतं," अक्का म्हणाली. "पिंजऱ्याचं दार उघडतं आणि तुम्ही तिथेच प्रकरण संपवता. दार उघडल्यावर राजपुत्र पहिलं वाक्य काय बोलला? ते का नाही लिहिलं?"

लहानपणी अक्का रागावल्यावर बेबी ज्या आवाजात उत्तर द्यायची, तसल्या आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

"ते तू मला सांगितलंच नाहीस."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कळलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "शेजारीण!" आणि शंभर माना मागे वळल्या. त्यांना दिसली एक खांदा खाली असलेली, पांढऱ्या नखांची बाई. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. फोन वर झाले. बेबी मंचावरून उठून आतल्या खोलीत निघून गेली.

अक्का ताठ मानेनं बाहेर पडली.

*

दिवे लागायच्या वेळेला बेबी दारात उभी होती. आत आली, पण बसली नाही.

"झालं समाधान?"

"अजून नाही," अक्का म्हणाली.

"मला सरळ सांगायचंस! एकटीला! चार भिंतींत!"

"तू मला विचारलं होतंस? चार भिंतींत? माझं एक बोलणं होतं आयुष्यात, एकच, ते तू नेऊन बाजारात बसवलंस. बरं, नेलंस तर नेलंस. मला सटवी का केलंस? आईला कोंडलं म्हणे मी! आईला!"

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं पण ती रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "परीक्षा नव्हती."

"काय?"

"आई पडली तेव्हा. दर वेळी नव्हती परीक्षा. मला यायचं नव्हतं. त्या खोलीचा वास, आईचं वाकडं तोंड... मला नव्हतं सोसत. आणि मग तू त्याला सोडलंस. तुझ्याकडे बघितलं की मला तेच दिसायचं. इतकी वर्षं. लिहायला बसले तेव्हा तुला वाईट करून टाकलं आणि पहिल्यांदा मोकळं वाटलं. वाईट माणसासमोर अपराधी वाटत नाही, अक्का."

अक्कानं हे सगळं ऐकून घेतलं. यानं आपण विरघळू, असं तिला आतून वाटत होतं आणि ती वाट बघत होती. काहीच विरघळलं नाही. उलट, परीक्षा नव्हती हे शब्द जखमेवर नव्यानं चोळलेल्या मिठासारखे झोंबले.

"जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबला जाण्याआधी तिनं गटात सगळं लिहून टाकलं. आडपडदा नाही. मी लेखिकेची थोरली बहीण. पिंजरा म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट. राजपुत्र म्हणजे लिफ्टचा मिस्त्री, डाव्या हाताचं बोट अर्धं. कंपनी कुठली, बदली कधी झाली, बहीण का आली नाही. आणि ते पहिलं वाक्यही तिनं लिहिलं. दार उघडल्यावर त्यानं तिच्या पांढऱ्याफटक हातांकडे बघितलं होतं आणि म्हटलं होतं, "तुम्ही भिंत फोडून येणार होता की काय?"

नाव तेवढं दिलं नाही.

लोक पिसाटले. बेबीचं पुस्तक दुकानांत परत येऊ लागलं. तिच्या दारावर कोणीतरी 'चोर' लिहून गेलं. प्रकाशकानं चौथा भाग थांबवला. अक्का रोज संध्याकाळी एकेक प्रतिक्रिया चवीनं वाचायची. 'भिंत फोडून येणार होता की काय' हे वाक्य तर सगळीकडे झालं. मुली हातांना पीठ फासून फोटो काढू लागल्या आणि खाली ते लिहू लागल्या. ते बघताना मात्र तिला चमत्कारिक वाटायचं. आपल्या कपाटातली साडी रस्त्यात दुसऱ्या बाईच्या अंगावर दिसावी तसं. पण तिनं तिकडे दुर्लक्ष केलं.

मग लॅबमध्ये फोन आला. एका बाईचा आवाज, थकलेला.

"दात करता त्या तुम्हीच का?"

"हो. कोण बोलतंय?"

"मी त्यांची बायको. लिफ्टवाल्यांची."

अक्काच्या हातातला साचा टेबलावर आपटला.

"तुमच्या लोकांनी शोधून काढलं त्यांना," बाई म्हणाली. "बोटावरून. कामाच्या ठिकाणी पोरी येतात, लिफ्टवर टकटक करून दाखवा म्हणतात. मालकानं ताकीद दिलीय. काल कोणीतरी माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ही ती राजकन्या, हिनं चोरलं. बाई, मी काय चोरलं हो? माझ्या वडिलांनी स्थळ आणलं, मी हो म्हटलं. मला तर तुम्ही आहात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आता माझी मुलगी शाळेतून येऊन बापाला विचारते, तुम्हाला आईशी लग्न करायचंच नव्हतं का?"

अक्का स्टुलावर बसली.

"ते म्हणतात, त्यांना काही आठवत नाही. म्हणतात, लिफ्टमध्ये किती बायका अडकायच्या, सगळ्यांना आम्ही तेच सांगायचो. मी आहे, लिफ्ट पडत नसते, बोलत राहा. कंपनीत शिकवतातच तसं. खरं का हो हे? मला खरं काय ते सांगा. मी तुमच्यावर चिडणार नाही."

भट्टीत दात भाजत होते, तिची घरघर चालू होती. वर्षभराच्या भेटी अक्काच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पुलाखालची टपरी, त्याचं अर्धं बोट तिच्या मनगटावर. विसरला असेल का? की बायकोसमोर विसरला? हे तिला आता कधीच कळणार नव्हतं, आणि विचारायचा रस्ताही तिनंच बंद केला होता.

"खरं सांगतात ते," अक्का म्हणाली. "मी एकदा अडकले होते. कोणीतरी सोडवलं. बाकीचं मी रचलं."

बाई म्हणाली, "मग तेवढं त्या लोकांना सांगा."

अक्कानं सांगितलं. त्याच दुपारी लिहिलं: 'बहिणीच्या यशाचा मला हेवा वाटला म्हणून मी ही गोष्ट रचली. मिस्त्रींना मी ओळखत नाही. पिंजऱ्याचा प्रसंग माझ्या बहिणीचा आहे, तिच्या कल्पनेतला आहे, सगळा तिचाच आहे. त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना सोडा.' शेवटचा शब्द टाइप करून झाला तेव्हा तिला वाटलं, बेबीनं एकदाच चोरलं होतं, मी तर लेखी देऊन टाकलं.

लोकांनी मिस्त्रीला सोडलं. आणि तिला धरलं. 'खरी दंतिनी सापडली!' 'म्हणजे जिने चढणारी बया ही स्वतःच.' झोपमोडनं लिहिलं, 'तुझे पाय धरले होते, हात धुऊन आले.' बेबीच्या बाजूनं लाट उलटली. पुस्तकं परत खपू लागली, लेखिकेची माफी मागायची स्पर्धाच लागली.

*

बेबी आली ती लॅबमध्येच. धापा टाकत होती. जिन्यानं आली होती. सुट्टीची वेळ होती, बाकीची टेबलं रिकामी. अक्कानं मान वर केली नाही.

"का लिहिलंस तसं? खोटं आहे ते."

"तुझं काय गेलं? तू धुऊन निघालीस."

"मला नकोय असं." बेबी स्टूल ओढून बसली. "मी चौथा भाग लिहिणार नाही, अक्का. प्रकाशकाला सांगून आले. मालिका बंद."

अक्कानं हातातली सुरी खाली ठेवली. बेबी प्रायश्चित्त घेऊन आली होती आणि वाट बघत होती, थोरलीनं डोक्यावरून हात फिरवावा याची. पुन्हा एकदा सुटायचं होतं तिला. परीक्षा आहे गं.

"बंद करायची नाही," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"लिहायचा चौथा. पाचवाही लिहायचा. आणि दंतिनीला मारायचं नाही. चांगलीही करायची नाही, शेवटी पश्चात्ताप-बिश्चात्ताप काही नाही. जशी केलीस तशीच ठेवायची, म्हातारी होईपर्यंत. तू लिहायला बसशील तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली पाहिजे. वाचक म्हणतील, मारा हिला. तू मारायची नाहीस, आणि का ते कोणाला सांगायचंही नाहीस."

बेबीचा चेहरा पांढरा पडला. "असं नको गं करू. दुसरं काहीही सांग."

"दुसरं काही नकोय मला."

बेबी उठली, जाताना हलकेच म्हणाली, "माफ करशील ना कधीतरी?"

"ते मला ठाऊक नाही," अक्का म्हणाली आणि पुढचा दात मेणात बसवायला घेतला.

चौथा भाग वर्षभरानं आला, पाचवा त्यानंतर. दंतिनी दोन्हींत आहे. वाचक वैतागलेत. 'ही सटवी मरत का नाही?' असं गटात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. मुलाखतींत बेबीला हा प्रश्न आला की ती पाण्याचा ग्लास उचलते आणि विषय बदलते. लिहिताना ती हल्ली फार रडते, असं तिच्या नवऱ्यानं एकदा अक्काला सांगितलं. तुम्ही समजावा तिला, म्हणाला.

"बघू," अक्का म्हणाली.